संघमालकाची जीभ आणि संघाची मालकी

१९३३-३४ च्या मोसमात डग्लस जार्डिनचा एमसीसी संघ भारतभर खेळला आणि सगळ्या दौऱ्यात एकच सामना हरला. तो बनारसमध्ये, १४ धावांनी. त्याला हरवणारा संघ कुठल्या प्रांताचा नव्हता की जिमखान्याचा नव्हता. तो होता विजयनगरमच्या महाराजकुमारांचा, म्हणजे क्रिकेटच्या इतिहासात ज्यांना सगळे 'विझी' म्हणून ओळखतात त्यांचा, स्वतःचा संघ. आंध्रातल्या या घराण्याचे धाकटे राजपुत्र वडिलांच्या पश्चात काशीतल्या जहागिरीवर येऊन राहिले. वाड्याच्या आवारात मैदान तयार करवलं आणि खेळाडू गोळा केले. सविनय कायदेभंगामुळे १९३०-३१ चा एमसीसीचा दौरा रद्द झाला, तेव्हा जॅक हॉब्ज आणि हर्बर्ट सटक्लिफ यांना आपल्या संघातून भारत आणि सिलोनमध्ये खेळवण्याची किमया त्यांनीच केली. पुढे वेस्ट इंडिजचा लिअरी कॉन्स्टंटाइनही त्यांच्या निमंत्रणावरून इकडे येऊन खेळला. मैदान, माणसं, प्रवास, खाणंपिणं, सगळा खर्च एकाच तिजोरीतून. 'संघाचा मालक' हा शब्द अक्षरशः लागू पडावा असं हे भारतातलं ठळक उदाहरण. त्या काळी अशा मालकाने एखाद्या खेळाडूच्या रंगावर, जातीवर किंवा कुळावर तोंड टाकलं असतं, तर खेळाडूपुढे दोनच वाटा होत्या: गिळून खेळायचं, नाहीतर बॅट गुंडाळून घरी जायचं. मालकाचा संघ काढून घ्यावा ही कल्पनाच हास्यास्पद ठरली असती, कारण काढून घेणार कोण आणि कशाच्या जोरावर?

आज तोच प्रश्न हास्यास्पद राहिलेला नाही. वर्णद्वेषी किंवा जातिवाचक बोलण्यावरून संघमालकाची मालकी जावी का, याचं माझं उत्तर 'जावी' असं आहे. मात्र त्याची कारणं नेहमी सांगितली जातात त्यापेक्षा वेगळी आहेत. संतापाला वाट करून देणं हा त्यामागचा हेतू नसावा. बोलणं हा गुन्हा म्हणून ही शिक्षा द्यायची, असंही नाही. लीगमधल्या संघाची मालकी ही जमीनजुमल्यासारखी मालमत्ता नाही, तो दहा-बारा जणांनी मिळून आणि समाजाच्या पैशावर चालवलेल्या व्यवहारातला एक परवाना आहे. परवानाधारकाच्या हाती माणसांची रोजीरोटी असते. त्याचं बोलणं हा ती सत्ता तो कशी वापरेल याचा पुरावा ठरतो. परवाना द्यायचा की ठेवायचा हे ठरवताना हा पुरावा बाजूला ठेवता येत नाही.

मालकाच्या हातातली सत्ता म्हणजे नेमकं काय, हे समजायला पुन्हा विझींकडेच जावं लागतं. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावर ते भारताचे कर्णधार म्हणून गेले. फलंदाजी बेताची, गोलंदाजी नाही, क्षेत्ररक्षण कसं लावायचं याची समज नाही. पण पैसा आणि वजन होतं. लॉर्ड्सवर मायनर काउंटीज संघाविरुद्धच्या सामन्यात लाला अमरनाथ पॅड बांधून तयार बसला होता. एकामागून एक दुसरेच फलंदाज पुढे पाठवले जात होते. दिवस संपता संपता पाळी आली, नाबाद परतला, आणि पॅड सोडताना पंजाबीत काहीतरी पुटपुटला. एवढ्यावर दौऱ्यातला सर्वांत भरात असलेला तो खेळाडू व्यवस्थापक मेजर ब्रिटन-जोन्स आणि कर्णधार या दोघांच्या निर्णयाने बोटीवर बसवून परत पाठवला गेला. कर्नल सी. के. नायडूंचा जाहीर अपमान करण्याच्या बदल्यात बाका जिलानीला कसोटीची टोपी मिळाली, असंही त्या दौऱ्यातले लोक सांगत आले. परत आल्यावर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमंट यांच्या समितीने चौकशी केली. अमरनाथवरचा ठपका काढला आणि विझींच्या कर्णधारपदावर कडक ताशेरे ओढले. हा प्रकार वर्णद्वेषाचा नव्हता, सरंजामी माजाचा होता, हे स्पष्ट म्हणायला हवं. तरी आपल्या प्रश्नासाठी त्याचं महत्त्व मोठं आहे. खेळाडू पुटपुटला तर त्याची कारकीर्द पणाला लागते. मालकाने उघड अपमान केला, करवला, तर चौकशी होते, अहवाल येतो आणि पुढे काही होत नाही. अहवालानंतर सतरा वर्षांनी, १९५४ साली, हेच विझी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. नुसत्या ताशेऱ्यांनी सत्ता हलत नाही, याचं याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडायचं नाही.

आता जातीचा धागा. 'वर्णद्वेष' म्हटलं की आपल्याला गोरे-काळे आठवतात आणि हा आपला प्रश्न नाही असं म्हणायची सोय होते. पण तो आपलाही आहेच. दलित गोलंदाज पळवणकर बाळू पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यावर नेटमध्ये गोलंदाजी करून घडला. पुण्यातल्या हिंदूंच्या संघात त्याला घेतलं ते युरोपियनांना हरवायचं म्हणून. चेंडू सगळ्यांनी हाताळायचा, पण चहाच्या वेळी बाकीचे आत पॅव्हेलियनमध्ये कपातून पिणार आणि बाळूला बाहेर मातीच्या भांड्यातून. जेवायला वेगळं पान. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले, तरी मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. १९२० साली त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी हा जातीचा मुद्दा आहे असं उघड म्हणत संघातून अंग काढून घेतलं. गाजावाजा झाला, आणि १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला. बाळूच्या बाबतीत पी. जे. हिंदू जिमखान्याच्या निवड समितीतल्या कुणाला शिवी द्यावी लागली नव्हती. मातीचं भांडं आणि न दिलेलं कर्णधारपद पुरेसं होतं. म्हणूनच मालकाचं बोलणं महत्त्वाचं ठरतं: एरवी निवडीच्या बैठकीत, करारात, बसच्या आसनांत दडलेला पूर्वग्रह बोलण्यातून प्रथमच उजेडात येतो आणि नोंदवता येतो.

मालकी जाण्याचा जगातला सर्वांत गाजलेला प्रसंग याच क्रमाने घडला. डोनाल्ड स्टर्लिंगने १९८१ साली एनबीएचा क्लिपर्स संघ सव्वा कोटी डॉलरला घेतला. तो घरमालकही होता. भाडेकरू निवडताना वंश बघितल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या न्याय विभागाशी त्याला २००९ साली २७ लाखांहून अधिक डॉलर भरून तडजोड करावी लागली. त्याच वर्षी संघाचे माजी महाव्यवस्थापक एल्जिन बेलर यांनी भेदभावाचा दावा लावला, तो पुढे फेटाळला गेला. लीग या सगळ्यात गप्प होती. एप्रिल २०१४ मध्ये एका खासगी संभाषणाचं ध्वनिमुद्रण बाहेर आलं. आपल्या मैत्रिणीने काळ्या माणसांबरोबरची छायाचित्रं टाकू नयेत, त्यांना सामन्यांना आणू नये, असं स्टर्लिंग त्यात सांगत होता. २७ एप्रिलला ओकलंडमध्ये सामन्याआधी क्लिपर्सचे खेळाडू मैदानाच्या मध्यावर आले, सरावाचे जॅकेट काढून जमिनीवर टाकले, आणि आतले लाल शर्ट उलटे घातलेले दिसले. छातीवरचं संघाचं नाव आतल्या बाजूला. जाहिरातदार काढता पाय घेऊ लागले. दोन दिवसांत आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी तहहयात बंदी, २५ लाख डॉलर दंड आणि सक्तीने विक्रीचा प्रस्ताव जाहीर केला. लीगच्या घटनेत तीनचतुर्थांश मालकांच्या मतांनी मालकाला काढता येतं. पण मतदानाची वेळच आली नाही. पत्नीने कौटुंबिक न्यासाच्या आधारे संघ स्टीव्ह बामर यांना दोन अब्ज डॉलरला विकला.

या हकिगतीतल्या दोन गोष्टी मला खटकतात आणि दोन्हींचा उपयोग आहे. एक, घरभाड्यातल्या भेदभावाचे कागद पाच वर्षं समोर असून लीग हलली नाही, आणि एका ध्वनिफितीने चार दिवसांत हलली. म्हणजे कृत्याला किंमत नव्हती, नाचक्कीला होती. दुसरी, सव्वा कोटीचे दोनशे कोटी झाले. याला शिक्षा म्हणणं अवघड आहे. फिनिक्स सन्सच्या रॉबर्ट सारव्हरबाबत लीगने थोडी सुधारणा केली. तीनशेहून अधिक लोकांच्या मुलाखती घेऊन अहवाल तयार करवला, अपमानकारक वांशिक शब्द त्याने निदान पाच वेळा वापरल्याचं त्यात आलं. २०२२ साली एक वर्षाची बंदी आणि एक कोटी डॉलर दंड झाला. लीगच्या मते तेवढं पुरेसं होतं. खेळाडू आणि प्रायोजकांच्या मते नव्हतं, आणि आठवडाभरात सारव्हरने संघ विकायला काढला. बंदी घालून मालकी तशीच ठेवण्याचा प्रयोग बेसबॉलने त्याआधीच करून पाहिला होता. सिनसिनाटी रेड्सच्या मार्ज शॉट यांना १९९३ साली वर्षभर बाजूला ठेवलं. त्या परत आल्या, पुन्हा तसंच बोलल्या, १९९६ साली पुन्हा बाजूला केल्या गेल्या, आणि शेवटी १९९९ मध्ये संघ विकून गेल्या. सहा वर्षं वाया गेली.

आपल्याकडे संघाचं संपूर्ण जाणं आणि तात्पुरतं जाणं दोन्ही झालेलं आहे. आयपीएलमध्ये कोची टस्कर्सला २०११ मध्ये बँक हमी दिली नाही म्हणून काढलं, डेक्कन चार्जर्सला २०१२ मध्ये करारभंगावरून. १४ जुलै २०१५ रोजी सट्टेबाजीच्या प्रकरणात न्या. लोढा समितीने चेन्नई सुपर किंग्ज आणि राजस्थान रॉयल्स यांच्या मालक कंपन्यांना दोन वर्षांसाठी निलंबित केलं, गुरुनाथ मय्यप्पन आणि राज कुंद्रा यांना क्रिकेटमधून कायमचं बाद केलं. आधार होता तो संघाच्या करारातल्या एका कलमाचा: मालकाच्या वागण्याने लीगच्या किंवा खेळाच्या लौकिकाला गंभीर धक्का बसला तर कारवाई करता येते. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट मंडळ सार्वजनिक स्वरूपाचं काम करतं, म्हणून ते उच्च न्यायालयाच्या रिट अधिकाराखाली येतं, असं सांगितलं होतं. याचा अर्थ सरळ आहे. आपल्या लीगमध्ये मालकी काढण्याची यंत्रणा, कलम आणि पायंडा तिन्ही आहेत. सट्टा आणि थकबाकी यांसाठी ते वापरले गेले. जातीवरून किंवा रंगावरून केलेल्या बोलण्यासाठी वापरून पाहण्याची वेळ अजून आलेली नाही, एवढंच.

वेळ येणार नाही असं मानण्याला मात्र आधार नाही. २०२० साली वेस्ट इंडिजच्या डॅरेन सॅमीने सांगितलं की हैदराबादच्या संघात असताना त्याला आणि थिसारा परेराला 'कालू' म्हणत असत, आणि आपल्याला त्याचा अर्थ दमदार घोडा असा काहीतरी वाटत होता. एका जुन्या सहकाऱ्याशी बोलणं झालं, त्याचा हेतू वाईट नव्हता, असं सांगून सॅमीने विषय मिटवला. ऑगस्ट २०२१ मध्ये ऑलिंपिकची उपांत्य लढत भारतीय महिला हॉकी संघ अर्जेंटिनाकडून हरला, तेव्हा हरिद्वारजवळच्या रोशनाबादमध्ये संघातल्या वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फोडून जातीवरून शिवीगाळ झाली. या दोन्ही घटनांत बोलणारा मालक नव्हता. तरी शब्द कुठून उचलले जातात आणि किती सहज येतात हे त्यातून दिसतं. मालक काही वेगळ्या गावातून येत नाहीत.

वकिली बाजूने पहिला आक्षेप येतो तो असा की गुन्हा असेल तर कायदा आहे, लीगने त्यात का पडावं? कायदा कुठपर्यंत पोचतो ते बघू. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९, यातलं जातिवाचक अपमानाचं कलम लोकांच्या नजरेसमोर झालेल्या अपमानाला लागू होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना झालेला अपमान त्या कलमात बसत नाही. स्टर्लिंगचं बोलणं भारतात झालं असतं तर बहुधा गुन्हाच ठरला नसता, आणि ते योग्यच आहे. तुरुंगात टाकण्यासाठी लागणारी कसोटी कडक असायलाच हवी. पण कंत्राट देण्याघेण्याची कसोटी तीच असावी असं कुठे आहे? बँकेच्या व्यवस्थापकाने खासगीत 'अमुक जातीच्या माणसाला कर्ज देणं म्हणजे पाण्यात घालणं' असं म्हटल्याचं सिद्ध झालं, तर त्याला तुरुंगात टाकता येणार नाही, पण कर्जमंजुरीच्या खुर्चीवर बसवूही नये. ज्याच्या शब्दावर लिलावातली बोली ठरते, त्याच्या बाबतीत हा तर्क अधिकच लागू पडतो.

दुसरा आक्षेप मालमत्तेचा. पैसे घालून घेतलेली वस्तू बोलण्यावरून कशी काढून घेता? याला उत्तर वाराणसीतच मिळतं. विझींचं मैदान त्यांच्या पैशाचं होतं. शहरालगतच्या गंजारीत २३ सप्टेंबर २०२३ रोजी ज्या आंतरराष्ट्रीय स्टेडियमची पायाभरणी झाली, त्याच्या जमिनीसाठी उत्तर प्रदेश सरकारने १२१ कोटी रुपये मोजले आणि बांधकामाचे ३३० कोटी क्रिकेट मंडळ देणार असं जाहीर झालं. तीस हजार प्रेक्षकांचं मैदान. तिथे उद्या खेळणारा कुठलाही संघ, मग तो आयपीएलचा असो की राज्य लीगमधला 'काशी रुद्राज', सरकारी जमिनीवर, मंडळाच्या पैशाने बांधलेल्या खेळपट्टीवर, सरकारी पोलिसांच्या बंदोबस्तात खेळेल. त्याला प्रतिस्पर्धी मिळतील ते इतर मालकांनी पैसे घातले म्हणून. एकट्या संघाला किंमत शून्य. लीग आहे म्हणून त्याला हजारो कोटी. ज्या वस्तूची सगळी किंमत इतरांनी एकत्र येण्यातून तयार होते, तिच्यावर 'माझी वस्तू, मी काहीही बोलेन' हा दावा टिकत नाही. बनारसच्या त्या राजवाड्यात तो टिकला असता, गंजारीत टिकणार नाही.

तिसरा आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो: हे हत्यार कुणाच्या हाती जाईल? संभाषण चोरून मुद्रित करता येतं, अर्धंच प्रसिद्ध करता येतं, आणि आता तर हुबेहूब आवाज बनवता येतो. व्यावसायिक वैरी किंवा राजकीय विरोधक एखाद्या मालकाचा काटा असाच काढू शकतील. शिवाय प्रत्येक उद्धटपणाला वर्णद्वेष म्हणायची घाई होईल. ८ मे २०२४ रोजी हैदराबादने लखनौचे १६६ धावांचे आव्हान दहा षटकांच्या आत पार केलं, आणि सामन्यानंतर सीमारेषेजवळ मालक संजीव गोएंका कर्णधार के. एल. राहुलशी हातवारे करत बोलताना सगळ्या देशाने पाहिले. टीका झाली ती योग्य होती. पण तो मालकी जाण्याचा विषय नव्हता, आणि २०१७ साली पुण्याच्या संघमालकाच्या भावाने धोनीला हिणवणारं ट्वीट केलं तोही नव्हता. मर्मावर घाव आणि माणसाच्या जन्मावर घाव यात फरक आहे. त्यामुळे माझ्या मते तीन अटी पाळाव्यात. मुद्रण खरं आहे की नाही हे प्रयोगशाळेने आणि निवृत्त न्यायाधीशांच्या समितीने ठरवावं, दूरचित्रवाणीने नव्हे. बोलणं जन्मावरून, म्हणजे वंश, रंग, जात, धर्म, प्रांत, लिंग यांवरून असावं. आणि ते एकटं सुटं आहे की निवड, पगार, वागणूक यांत त्याचे ठसे दिसतात, हे तपासावं. ठसे दिसले तर मालकी जावी. नुसतं एकदाच तोंड घसरलेलं असेल, तर दंड, जाहीर माफी आणि काही मोसम कारभारापासून दूर ठेवणं पुरे. शॉट यांच्याप्रमाणे दुसऱ्यांदा घडलं तर मात्र मुदत संपली असं समजावं.

मालक म्हणजे नेमकं कोण, हा आपल्याकडचा खास गुंता आहे. आपले मालक बहुतेक कंपन्या आहेत. कंपनी काही बोलत नाही. बोलतो तो अध्यक्ष, त्याचा मुलगा, जावई. मय्यप्पन प्रकरणात चेन्नई संघाच्या बाजूने तो केवळ 'क्रिकेटचा शौकीन' असल्याचं सांगितलं गेलं. न्या. मुद्गल समितीने संघाच्या कारभारात तो अधिकारी म्हणूनच वावरत होता असा निष्कर्ष काढला. जातिवाचक बोलण्याच्या प्रकरणातही हाच बचाव पुढे येईल. म्हणून ड्रेसिंग रूमपर्यंत पोचण्याचा पास, लिलावाच्या टेबलावरची खुर्ची आणि खेळाडूंशी करार करण्याचा अधिकार यांपैकी काहीही ज्याच्याकडे आहे तो मालकाच्या व्याख्येत यावा. नातं आणि हुद्दा दुय्यम.

शेवटचा आक्षेप खेळाडूंच्या बाजूने आहे. मालक गेला तर संघ बुडतो आणि खेळाडू रस्त्यावर येतात. २०१५ नंतर चेन्नई-राजस्थानच्या खेळाडूंना दुसऱ्या संघांत वाटून घ्यावं लागलं, चाहते दोन वर्षं पोरके राहिले. चूक सट्ट्यात गुंतलेल्यांची, भोग इतरांना. याचा धडा असा की काढायचा तो मालक, संघ नाही. निलंबनाऐवजी ठरावीक मुदतीत सक्तीची विक्री, तोवर लीगने नेमलेला प्रशासक, आणि खेळाडूंचे करार जसेच्या तसे. त्यातही स्टर्लिंगसारखा नफा मिळू नये. विक्रीची किंमत ठरवण्याचं सूत्र करारातच असावं: मालकाला घातलेलं भांडवल आणि वाजवी व्याज, वरचं सगळं स्थानिक क्रिकेटकडे. वकील भारतीय करार कायद्याच्या ७४व्या कलमाकडे बोट दाखवतील, कारण ते कलम करारात लिहिलेल्या दंडाला 'वाजवी भरपाई'ची मर्यादा घालतं. अडचण खरी आहे. कोचीला काढल्याबद्दल मंडळाला लवादाने मोठ्या रकमेचा भुर्दंड घातला आणि जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ५३८ कोटी रुपयांहून अधिक रकमेचा तो निवाडा कायम ठेवला. डेक्कनच्या बाबतीत ४,८०० कोटींहून मोठा निवाडा २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने रद्द केला. डेक्कनबाबत मंडळ वाचलं, पण कोचीवरून एक कळतं: घाईने, अपुऱ्या कलमावर, ऐकून न घेता मालक काढला तर खर्च मंडळाच्या, म्हणजे खेळाच्या, माथी येतो. म्हणून ही किंमत दंड म्हणून न लिहिता, लीगला ठरावीक सूत्राने संघ परत विकत घेण्याचा हक्क म्हणून लिहावी, आणि ती मालकाने सही करण्यापूर्वी त्याला वाचून दाखवावी. ज्याला ही अट जाचक वाटते, त्याने बोली लावू नये.

आयपीएलचे जुने करार रातोरात बदलणार नाहीत. पण राज्यपातळीवरच्या लीग नवे करार करत असतात. उत्तर प्रदेशची टी-ट्वेंटी लीग २०२३ मध्ये सुरू झाली, महाराष्ट्र प्रीमियर लीगही त्याच वर्षी सुरू झाली. दोन्हींच्या संघटनांनी पुढच्या करारांत जन्मावरून होणाऱ्या भेदभावाचं स्वतंत्र कलम, स्वतंत्र चौकशी समिती आणि सक्तीच्या विक्रीचं सूत्र एवढ्या तीन ओळी घालाव्यात. त्यासाठी कुठल्या न्यायालयाच्या आदेशाची वाट बघावी लागत नाही. संघटनेच्या सर्वसाधारण सभेत एक ठराव पुरतो.